मानोऱ्याच्या पांदणीवर दोनशे किलो कशाला?

मोटारसायकल घेताना आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती देते आणि पिकअप कसा आहे? अलीकडे त्यात तिसऱ्याची भर पडली आहे: दिसायला कशी आहे? खडकाळ वाटा, चिखल, नाले आणि चढ यांवरून गाडी चालवायला शिकायचे असेल, तर या तिन्ही प्रश्नांचा उपयोग फारसा नाही. तिथे खरा प्रश्न वेगळाच आहे आणि शोरूममध्ये तो कुणी विचारत नाही. गाडी आडवी पडली, जवळपास माणूस नाही, ऊन डोक्यावर आहे, तर ती मला एकट्याला उचलता येईल का? आणि तीच गाडी दुपारी चौथ्यांदा पडली, तरी पाचव्यांदा चालवायची हिंमत उरेल का? मोबाइलवर रोज दिसणाऱ्या लडाख-स्पितीच्या चित्रफितींमुळे तालुक्याच्या गावांतल्या तरुणांनाही आता रस्ता सोडून गाडी चालवण्याची ओढ लागली आहे, आणि ती ओढ चांगलीच आहे. पण त्या ओढीपोटी पहिली गाडी म्हणून चारशे-साडेचारशे सीसीचे, दोनशे किलोच्या घरातले धूड कर्ज काढून घरी आणले जाते, तेव्हा शिकणे बाजूला राहते आणि गाडी चौकात उभी राहते. शिकायची गाडी हलकी असावी, पडली तरी खिशाला झेपावी आणि तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त व्हावी. ताकद, वेग, दिमाख हे सगळे त्यानंतर येते. ही आवडीनिवडीची बाब नाही. जमीन, वजन आणि पैसा यांच्या हिशेबातून निघणारा हा निष्कर्ष आहे.

हिशेब जमिनीपासूनच सुरू करू. वाशिम जिल्ह्याच्या यवतमाळकडच्या कडेला असलेल्या मानोरा तालुक्यात कच्ची वाट शोधायला हिमालयात जावे लागत नाही. अरुणावतीच्या काठची काळी माती, तिच्या वरच्या अंगाला मुरमाड बरड, त्यापलीकडे गोट्यांनी भरलेले उतार, पावसाळी नाले, रपटे, आणि पोहरादेवीच्या परिसरात टेकड्यांवर वसलेल्या तांड्यांकडे जाणारे रस्ते. एका तालुक्यात शिकण्याजोगी चारपाच प्रकारची जमीन मिळते. त्यातली काळी माती हा सर्वांत कडक मास्तर. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. पावसात ती टायरच्या खाचांत बसते, मग मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये साचत जाते, आणि शेवटी चाक फिरायचेच थांबते. पावसाळ्यात पुढचे मडगार्ड काढून ठेवणारे लोक गावोगाव आहेत, ते याच अनुभवाने. तीच माती दिवाळीनंतर वाळली की ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक होतात. पुढचे चाक एकदा त्यात शिरले की हँडल वळवून बाहेर येत नाही, अंगाचा भार टाकून गाडी बाहेर काढावी लागते. या जमिनीवर वेगाला वावच नाही. ताशी पाच ते पंचवीस किलोमीटर एवढ्याच पट्ट्यात सगळे शिक्षण होते. आणि नेमक्या याच पट्ट्यात वजनदार गाडी सर्वांत अवघड असते.

चाके वेगाने फिरत असतात तेव्हा गाडी बरीचशी आपली आपणच सरळ राहते. महामार्गावर दोनशे किलो जाणवत नाहीत, उलट भारदस्त वाटतात. वेग चालण्याइतका झाला की हा आधार जातो आणि तोल सांभाळायचे सगळे काम क्लच, मागचा ब्रेक आणि चालवणाऱ्याचे शरीर यांच्यावर पडते. गाडी एका बाजूला कलली की तिला धरून ठेवायला लागणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. साठ-पासष्ट किलोचा माणूस दीडशे किलोची गाडी काही अंशांपर्यंत पायाने, कमरेने सावरू शकतो. तेवढ्याच कलाला दोनशे किलोची गाडी हातची गेलेली असते. आता आकडे पाहा. रॉयल एनफिल्डची नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली साडेचारशे सीसीची हिमालयन १९६ किलोची आहे. हीरोची एक्सपल्स २०० फोर व्ही १५८ किलोच्या आसपास. कावासाकीची केएलएक्स २३० फक्त १३९ किलो. हिमालयन आणि एक्सपल्स यांच्यातला फरक म्हणजे जवळजवळ युरियाची एक गोणी. ही गोणी मागच्या सीटवर नाही, प्रत्येक वळणाला, प्रत्येक चढाला आणि प्रत्येक पडण्याला ती गाडीच्या अंगातच असते. थकवा हा यातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. नवशिक्या माणूस पहिल्या तासाभरात पडतो तो चुकीमुळे. दुसऱ्या तासात पडतो तो दमल्यामुळे, आणि दमून पडतो तेव्हा पाय गाडीखाली सापडतो. हलकी गाडी आणखी एखादा तास सरावाचा देते, आणि शिकणे म्हणजे शेवटी सरावाचे तासच.

ताकदीचा मोहही इथेच तपासून घ्यावा. हिमालयन ४५० चाळीस अश्वशक्तीची आहे, एक्सपल्स २०० फोर व्ही एकोणीसच्या आसपास. कागदावर दुप्पट. पण सैल मुरमाच्या चढावर ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळला की मागचे चाक जागीच गरगरते, गाडी आडवी होते, आणि जास्तीचे वीस घोडे तिला खाली पाडायच्याच कामाला येतात. कमी ताकदीची गाडी चुका माफ करते, आणि वर चुका दाखवूनही देते: चढाच्या आधी योग्य गिअर टाकला नाही, तर ती मध्येच गुदमरून बंद पडते आणि चूक कुठे झाली ते लगेच कळते. मोठ्या इंजिनात ती चूक ताकदीखाली झाकली जाते आणि वर्षभर तशीच राहते.

या वर्गातल्या गाड्यांचा आपल्याकडचा इतिहास छोटा आहे, पण बोलका आहे. जगात या जातीची मुळे १९६८ च्या यामाहा डीटी-१ पर्यंत जातात. रस्त्यावर चालवता येईल आणि रस्ता सोडूनही नेता येईल अशी हलकी, परवडणारी २५० सीसीची गाडी यामाहाने अमेरिकेच्या बाजारात आणली आणि ती तुफान चालली. आपल्याकडे तसा प्रयत्न व्हायला २०११ उजाडले. होंडापासून वेगळे झाल्यावर हीरोने आणलेली इम्पल्स ही दीडशे सीसीची, १३४ किलोची गाडी. कल्पना उत्तम होती, पण आपला ग्राहक तेव्हा फक्त ॲव्हरेज आणि पिकअपच विचारत होता. रस्त्यावर ती सुस्त वाटली, किंमत साध्या दीडशेच्या वर होती, आणि ती बंद पडली. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली ती दिल्लीच्या शोरूम किमतीने ९७ हजारांपासून. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, तारांचे स्पोक, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, पुढच्या शॉकअपची हालचाल १९० मिलिमीटर. एवढे सगळे लाखाच्या आत भारतात त्याआधी मिळत नव्हते. २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हचे इंजिन आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये एक्सपल्स २१०: सहा गिअर, साडेचोवीस अश्वशक्ती, पण वजनही १६८ किलोवर गेलेले. यातली २०२३ ची 'प्रो' मात्र नवशिक्याने टाळलेली बरी. शॉकअपची हालचाल २५० मिलिमीटर असल्याचे कौतुक ऐकून ती घेतली जाते, पण तिच्या सीटची उंची ८९१ मिलिमीटर आहे. साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या माणसाचे पाय त्यावर टेकत नाहीत, आणि शिकताना पाय टेकणे ही गरज असते. साध्या एक्सपल्सची ८२५ मिलिमीटरची सीट बहुतेकांना पुरते.

कावासाकीच्या केएलएक्स २३० बद्दल थोडे जास्त बोलायला हवे, कारण नुसत्या वजनाच्या निकषावर तीच पहिली यायला हवी. डिसेंबर २०२४ मध्ये ती ३ लाख ३० हजारांना आली तेव्हा विषयच संपला होता. पुढच्याच वर्षी इथे बनू लागल्यावर किंमत दोन लाखांच्या आत आली आणि विषय पुन्हा उघडला. पक्क्या, परवडणाऱ्या आणि खऱ्या अर्थाने हलक्या गाड्यांमध्ये आज तिच्यासारखी दुसरी नाही. तरी मानोऱ्याच्या माणसाला माझी पहिली शिफारस ती नाही. एक कारण ८८० मिलिमीटरची सीट. दुसरे कारण मोठे: कावासाकीचे सर्व्हिस सेंटर मोठ्या शहरांतच असते. शिकताना मोडतात त्या वस्तू ठरलेल्या आहेत. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, इंडिकेटर, आरसे, हँडल, गिअरचा पेडल, हेडलाइटची काच. पंधरा दिवसांत एखादा लिव्हर जाणारच. तो लिव्हर मिळवायला कुरिअरची वाट बघावी लागणार असेल, तर गाडी कितीही गुणी असो, ती अंगणात उभी राहणार. हीरोचे जाळे तालुक्यांपर्यंत पोचलेले आहे. एक्सपल्सचा प्रत्येक भाग मानोऱ्याच्या काउंटरवर तयार असेल असे नाही, पण मागवला तर येतो, आणि एक सिलिंडरचे, हवेवर व ऑइलवर थंड होणारे ते इंजिन उघडायला कुठलाही चांगला मिस्त्री बिचकत नाही. असे सेंटर असलेल्या शहरात राहणाऱ्याने केएलएक्सचा विचार जरूर करावा. 'आर' अक्षराच्या निव्वळ शर्यतीच्या आवृत्त्या मात्र कुणीच घेऊ नयेत: त्यांची आरटीओत नोंदणी होत नाही, म्हणजे घरापासून वावरापर्यंत त्या टेम्पोत घालून न्याव्या लागतात.

आता सर्वांत बळकट आक्षेप. तो शहरातून येत नाही, गावातूनच येतो, आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. गावकरी म्हणतील, आम्ही याच पांदणीवरून तीस वर्षे स्प्लेंडर चालवतो. मागे खताची गोणी, पुढे टाकीवर चाऱ्याचा भारा, पावसात, रात्रीच्या अंधारात. दुधाचे कॅन लादलेली टीव्हीएस एक्सएल तर नव्वद किलोच्याही आतली. तुमची ही लाख-दीड लाखांची उंच गाडी आम्हाला वेगळे काय शिकवणार? हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे, आणि तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. ११२ किलोची, आठ अश्वशक्तीची गाडी जे करून दाखवते, ते वजनाच्या कमीपणामुळेच. काळ्या मातीत क्लच किती सोडायचा, ओल्या रपट्यावर पुढचा ब्रेक का लावायचा नाही, हे वावरात जाणाऱ्या माणसाला कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा चांगले कळते. त्यामुळे घरात स्प्लेंडर असेल तर पहिले दोन-तीन महिने तिच्यावरच काढावेत; मागे खोल खाचांचा टायर टाकावा आणि रिकाम्या मैदानात अगदी हळू वेगात इंग्रजी आठचा आकडा काढायला शिकावे. एक रुपया जास्त न घालता अर्धे शिक्षण होते.

पण उरलेले अर्धे तिच्यावर होत नाही, आणि त्याची कारणे गाडीच्या बांधणीत आहेत. स्प्लेंडर जमिनीपासून १६५ मिलिमीटर उंच, म्हणजे मोठ्या गोट्यावर इंजिनाचे पोट घासते. अठरा इंची बारीक चाक खड्ड्याच्या काठाला धडकते. २१ इंची चाक त्याच काठाला कमी कोनात भिडते आणि वर चढून जाते. सर्वांत महत्त्वाचे, कच्च्या वाटेवर गाडी चालवायची मूळ पद्धत म्हणजे फुटरेस्टवर उभे राहून, गुडघे वाकवून, गाडीला पायांखाली हवे तसे हलू देणे. स्प्लेंडरवर उभे राहिले की हँडल मांडीशी येते, पाठ वाकते आणि फुटरेस्टचे रबर चिखलात घसरते. बसून चालवायची सवय एकदा हाडात मुरली की पुढे मोडायला त्रास होतो. शॉकअपची हालचाल कमी असल्यामुळे गाडीचा प्रत्येक धक्का पाठीच्या मणक्यांवर येतो. स्प्लेंडर माणसाला वावरात पोचवते. वावरापलीकडच्या टेकडीवर जायचे तर दुसरी गाडी लागते.

दुसरा आक्षेप लांबच्या प्रवासाचा. पैसा घालायचाच तर अशी गाडी घ्यावी की जी नागपूर-पुण्यालाही नेता येईल. हलकी गाडी महामार्गावर थरथरते, ट्रक बाजूने गेला की हेलकावते. हे खरेच आहे. ताशी ऐंशीच्या पुढे एक्सपल्स २०० ओढाताण करते, आणि २१ इंची चाक व खाचांचे टायर डांबरावर कधीच तेवढे स्थिर वाटत नाहीत. पण आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही. म्हणजे ज्या सुसाट रस्त्याच्या भरवशावर मोठ्या गाडीचा हिशेब मांडला जातो, तो तिच्यासाठी बंद आहे. राहिले मानोरा, मंगरूळपीर, कारंजा, दिग्रस यांना जोडणारे रस्ते. त्यांच्यावर ऐंशीच्या वर जाणे गाडीच्या नाही, माणसाच्या अकलेचा प्रश्न आहे. वर्षातून एकदा पुण्याला जायचे तर एसटी आणि ट्रॅव्हल्स आहेत. वर्षाच्या दोन दिवसांसाठी तीनशे त्रेसष्ट दिवस चाळीस किलो जास्तीचे ओढायचे, हा सौदा कुणाच्या फायद्याचा आहे ते प्रत्येकाने पाहावे.

आणि लांबचा प्रवास मोठ्या गाडीनेच होतो, हा समजही तपासण्यासारखा आहे. २००४ मध्ये अभिनेता युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन लंडनहून न्यूयॉर्कपर्यंत निघाले, ते बीएमडब्ल्यूच्या अकराशे पन्नास सीसीच्या अवजड गाड्या घेऊन. त्यांच्या प्रवासाची मालिका जगभर पाहिली गेली आणि अवजड 'ॲडव्हेंचर' गाड्यांची लाट पुढे बऱ्याच अंशी तिच्यामुळे आली. पण मालिकेत मंगोलियाचा भाग नीट पाहिला तर वेगळेच दिसते. चिखल आणि गवताळ माळावर त्या गाड्या पडत होत्या, उचलताना माणसे रडकुंडीला येत होती. सोबतच्या छायाचित्रकाराच्या गाडीची चौकट मोडली, तेव्हा त्याच्यासाठी तिथेच एक स्वस्त रशियन इझ मोटारसायकल विकत घेतली गेली. ती काही निर्दोष नव्हती. बंदही पडत होती, पण रस्त्यात भेटणारे लोक ती साध्या हत्यारांनी पुन्हा चालू करत होते. त्या प्रवासातला सर्वांत उपयोगी धडा जाहिरातीत आला नाही, हे ओघानेच आले. डाकार रॅलीतही आता मोटारसायकलींना ४५० सीसीची मर्यादा आहे. जगातले सर्वांत तयार चालक वाळवंटात एवढ्यावर भागवतात.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो आधी आणला की बाकीचे कुणी ऐकत नाही. आपल्या भागातला हिशेब सोयाबीनमध्येच मांडलेला बरा. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. एक्सपल्स २१० बाजारात आली ती पावणेदोन लाखांच्या शोरूम किमतीने, म्हणजे हमीभावाने तेहतीस क्विंटल सोयाबीन. आणि हमीभाव हातात पडतो किती जणांच्या, ते बाजार समितीच्या फाटकाशी उभे राहणाऱ्याला ठाऊक आहे. विमा, नोंदणी धरून आकडा आणखी वर जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यावरच्या गाड्या ४० टक्क्यांच्या गटात गेल्या. सरकारच्या मनात कच्च्या वाटा नक्कीच नव्हत्या, पण परिणाम असा की हलक्या गाडीच्या बाजूने करही उभा राहिला. तरीही शिकण्यासाठी नवी गाडी घेऊ नये असेच मी म्हणेन. नव्या गाडीला पहिला ओरखडा पडतो त्या दिवशी मालकाचे शिकणे थांबते. तो पडायला भिऊ लागतो, आणि पडायला भिणारा माणूस या विद्येत पुढे जात नाही.

म्हणून वापरलेली एक्सपल्स २००, लाखाच्या आसपास किंवा त्याखाली. शहरातल्या हौशी मंडळींनी घेतलेल्या आणि डांबर न सोडलेल्या अशा गाड्या अमरावती, अकोला, नागपूर या बाजूला विकायला असतात. घेताना रंग बघण्यापेक्षा पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर ऑइल उतरले आहे का ते पाहावे, पुढचे चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवावे. मध्येच अडकल्यासारखे झाले तर कोनसेट गेला आहे. चाक फिरवून आऊट किती आहे ते पाहावे, स्पोक बोटाने वाजवून ढिले आहेत का ते तपासावे, चेन-सेटचे दात पाहावेत, आणि इंजिनाच्या पोटाखाली वाकून बघावे. खालची पत्रा-जाळी ठेचलेली असेल तर गाडी खरोखर वापरलेली आहे. ते वाईटच असे नाही, किंमत मात्र त्याप्रमाणे पाडून घ्यावी. गाडी एमएच-३७ ची नसेल तर आरसी नावावर करून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत, कर्जाची नोंद असेल तर बँकेचे पत्र आधी. वापरलेल्या गाडीत खोट लपलेली असते हा आक्षेप रास्त आहे. पण एक्सपल्ससारख्या साध्या इंजिनाची खोट काढायला जो खर्च येतो, तो मोठ्या गाडीच्या एका पडण्यात मोडणाऱ्या सुट्या भागांच्या मानाने किरकोळ असतो. जुन्या इम्पल्सच्या किंवा आरएक्स १०० च्या मोहात मात्र पडू नये. पहिलीचे भाग मिळत नाहीत, आणि दुसरीची किंमत आता भावनेवर ठरते.

वाचलेले पैसे कुठे घालायचे हेही ठरलेले असावे. आधी बूट. घोट्याच्या वर येणारे, कडक तळाचे बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, आयएसआय छापाचे पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट, हातमोजे. पंधरा-वीस हजार इथेच जाऊ द्यावेत. मग टायर. कंपनीचे टायर डांबर आणि माती यांच्यात तडजोड करणारे असतात. झिजले की खोल खाचांचे टाकावेत. कच्च्या वाटेवर हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, पण मग बाभळीचे काटे आणि ट्यूबचे चिमटणे दोन्ही आले. आपल्या पांदणींच्या दोन्ही कडांना बाभूळ-बोरी असतात आणि कुंपणाच्या काट्या वाटेवरच पडलेल्या असतात, त्यामुळे पंक्चर हा अपवाद नाही, नियम आहे. ट्यूबचा टायर असल्याने कुठल्याही पंक्चरवाल्याकडे काम होते, मात्र २१ इंची ट्यूब त्याच्याकडे नसते. एक सुटी ट्यूब, दोन पाने आणि हातपंप गाडीवर बांधलेला असावा. एक्सपल्स २०० वर एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, ही उणीव म्हणून सांगितली जाते. शिकणाऱ्याला ती सोयीची आहे. उतारावर मागचे चाक मुद्दाम अडकवून गाडी कशी वळते हे हातापायांना कळावे लागते, आणि ते कळायला मागचा ब्रेक माणसाच्या ताब्यात असावा लागतो.

शेवटचा आक्षेप गाडीवर नाही, छंदावर आहे. शेतकऱ्याच्या वाटा आधीच खराब, त्यात हौशी पोरांनी त्या उकरायच्या का? धुरा तुडवला, उभ्या पऱ्हाटीला धक्का लागला, शेळ्या बिथरल्या, तर जबाबदार कोण? याचे उत्तर हलक्या गाडीने पूर्ण मिळत नाही, पण तिने नुकसान कमी होते हे नक्की. चाळीस किलो कमी वजन आणि निम्मी ताकद म्हणजे मागच्या चाकाने उकरलेली माती कमी. काही गोष्टी तर वादापलीकडच्या आहेत. ओल्या पांदणीवर गाडी घालायचीच नाही. मातोश्री शेत-पाणंद योजनेतून कुठे मुरूम पडला असेल तर त्याची वाट लावायची नाही. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आणि राखीव वन यांत वाट सोडून शिरणे हा गुन्हा आहे, तो गुन्हाच राहावा. सायलेन्सर कापून आवाज वाढवणाऱ्यांना पोलिसांनी दंड करावा, त्याबद्दल कुणी हळहळू नये. कापूस-तूर निघाल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे महिने शिकण्याचे. त्यातही उन्हाळा तापला की सकाळी नऊपर्यंतच.

जागेचा प्रश्न मात्र गावानेच सोडवायला हवा, आणि तो अवघड नाही. या विद्येची मैदाने आज मोठ्या शहरांभोवती आहेत. डाकार पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांनी कोलारजवळ उभे केलेले मैदान प्रसिद्ध आहे, पण मानोऱ्याच्या मुलाला कोलार म्हणजे दुसरा देश. त्याला एवढे मोठे काही नकोच. बरडाची दोन एकर पडीक जागा, मालकाच्या संमतीने किंवा ग्रामसभेत विषय ठेवून. त्यात एक चढ, एक उतार, गोट्यांचा एक पट्टा, वाळूचा एक, मधोमध ओंडका आडवा टाकलेला. जेसीबीचे अर्ध्या दिवसाचे काम. सोबत एक नियम: एकट्याने जायचे नाही, आणि हेल्मेट-बूट नसेल त्याला आत घ्यायचे नाही. अशा जागी दहा जणांत दोन जुन्या एक्सपल्स असल्या तरी पुरतात, आणि ज्यांच्याकडे स्प्लेंडर आहे त्यांनी ती घेऊनच यावे.